उजेडाचा हिशेब : फोटोतले दाणे आणि पट्टे

या महिन्याच्या टपालातली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. फोटोत दाणे दिसतात, पट्टे दिसतात, अंधारातला फोटो ‘फुटतो’. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न : कॅमेरा बदलू का?

सांगलीत वडिलांच्या स्टुडिओत मी चौदाव्या वर्षी डार्करूमच्या लाल दिव्याखाली उभी राहिले, तेव्हाही गिऱ्हाइकं हेच विचारायची, फक्त तेव्हा प्रश्न फिल्मचा असे. नाटकाच्या रंगीत तालमीला आम्ही ४०० ची फिल्म १६०० ला ताणायचो, म्हणजे तिला लागतो त्याच्या पाव उजेडावर काम भागवायचो. मग ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवावी लागे आणि प्रिंटवर ज्वारीच्या कण्यांसारखे दाणे उठत. वडील म्हणायचे, उजेड उसना घेतला की व्याज भरावं लागतं. फिल्मच्या जागी उजेड टिपणारा सेन्सर आला, व्याज तेच राहिलं.

पत्रं निवडताना एवढंच पाहिलं की प्रत्येकातला बिघाड वेगळा असावा. हॉलच्या दिव्यांनी पडलेले पट्टे, आभाळात दिसणाऱ्या पायऱ्या आणि अंधार उजळल्यावर उठणाऱ्या रेघा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

प्रश्न : ताई, जुना आरशाचा डीएसएलआर विकून बिनआरशाचा मिररलेस घेतला. हळदीपर्यंत सगळं छान होतं. रात्री हॉलमधल्या रिसेप्शनला मात्र प्रत्येक फोटोत आडवे काळपट, पिवळट पट्टे आले. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाचा संकेत किती मोठा करायचा तो आकडा) ३२००, बिनआवाजाचा सायलेंट मोड चालू. जुन्या कॅमेऱ्यात असं कधी झालं नाही. दुरुस्तीवाला म्हणतो सेन्सर गेला, बदलावा लागेल.
— लग्नाचे फोटो काढणारा एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, सेन्सरला हात लावू देऊ नका. उद्या सकाळी हाच कॅमेरा, हाच सायलेंट मोड, हेच शटर घेऊन उन्हात जा, भिंत नुसती सपाट पांढरी येऊ नये इतका आयएसओ खाली आणा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. पट्टे दिसले नाहीत तर सेन्सर ठणठणीत आहे. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून ते दिसणार नाहीत असंच मला वाटतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एका सेकंदात ती ५० वेळा एका दिशेने आणि ५० वेळा उलट दिशेने वाहते, म्हणून तिच्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो आणि उजळतो. डोळ्याला ते कळत नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली असायची, क्षणभर वीज घटली तरी ती विझत नसे, त्यामुळे ही धडधड थोडीच दिसे. तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये ती बरीच असायची. इलेक्ट्रॉनिक चोक आला आणि नळी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकू लागली, म्हणजे आपल्या दृष्टीने स्थिरच झाली. आता हॉलमध्ये स्वस्तातले एलईडी आले. ज्यांच्या आत वीज नीट सपाट करणारा कपॅसिटर नाही, ते सेकंदाला १०० वेळा चक्क विझतात आणि पेटतात.

आता तुमचा सायलेंट मोड. त्यात सेन्सरसमोरचा शटरचा पडदा हलत नाही. सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो, आणि साध्या मिररलेसला हे वाचन संपवायला साधारण १/१५ ते १/५० सेकंद लागतो. तुम्ही १/५०० लावलंत तेव्हा प्रत्येक ओळीने उजेड १/५०० सेकंदच घेतला, पण सगळ्या ओळींनी तो एकाच वेळी घेतला नाही. काही ओळींच्या वाट्याला दिवा उजळ असताना आला, काहींच्या वाट्याला विझताना. तेच तुमचे पट्टे. ते मोजून बघा. फोटोत वरपासून खालपर्यंत पाच काळे पट्टे असतील तर तुमचा सेन्सर ५/१००, म्हणजे १/२० सेकंदात वाचला जातो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात हा आकडा सहसा छापत नाहीत, पण तुमच्या बिघडलेल्या फोटोनेच तो सांगून टाकला.

उपाय पहिला : हॉलमध्ये सायलेंट मोड बंद, मेकॅनिकल शटर चालू. त्याचा पडदा साधारण १/२०० ते १/३०० सेकंदात फ्रेम ओलांडतो. एवढ्या वेळात दिव्याचं एक आवर्तनही पूर्ण होत नाही, त्यामुळे पाच पट्टे पडत नाहीत. तुमच्या जुन्या डीएसएलआरमध्ये पट्टे नव्हते ते यामुळेच. मात्र १/५०० वर फ्रेमचा एखादा भाग दुसऱ्यापेक्षा काळोखा किंवा पिवळा येऊ शकतो, आणि लागोपाठच्या दोन फोटोंचा उजेड जुळत नाही. जुने फोटो उघडून पाहा, तिथेही सापडेल. तेव्हा आपण ‘एडिटिंगमध्ये बघू’ म्हणून सोडून देत होतो.

उपाय दुसरा, आणि मला जास्त प्रिय : शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. १/१०० सेकंदात दिव्याचं बरोबर एक पूर्ण आवर्तन बसतं. कुठलीही ओळ कधीही सुरू झाली तरी तिला एक उतार आणि एक चढ मिळतोच, सगळ्या ओळी सारख्या होतात. १/१२५ जवळचं वाटलं तरी तिथे आवर्तन अपुरं राहतं आणि फिके पट्टे उरतात. शिवाय १/५०० वरून १/१०० वर आलात की पाचपट उजेड मिळतो, म्हणजे आयएसओ ३२०० ऐवजी ६४० पुरतं. पट्टे जातात आणि दाणेही.

अंतरपाट, मंगळसूत्र, रिसेप्शनला रांगेत उभे असलेले पाहुणे, या सगळ्याला १/१०० पुरेसं आहे. अडचण अक्षतांची. १/१०० वर अक्षता रेघांसारख्या ओढल्या जातात. मला त्या रेघा आवडतात, काही घरांना दाणा न् दाणा स्पष्ट हवा असतो. तसा हवा असेल तर मेकॅनिकल शटर आणि फ्लॅश वापरा. सायलेंट मोडमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश चालतच नाही. मेनूत ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर तोही लावा. त्यात कॅमेरा दिव्याची धडधड ओळखतो आणि दिवा सर्वांत उजळ असेल नेमक्या त्या क्षणी शटर उघडतो. बटण दाबल्यावर किंचित उशीर होतो, तेवढी सवय करावी लागते.

तीन ठिकाणी १/१०० चा नियम फसतो, ते आधीच सांगून ठेवते. स्टेजवरचे रंगीत पार लाइट, म्हणजे झोत टाकणारे दिवे, डिमरवर मंद केलेले असतात तेव्हा त्यांचं लुकलुकणं विजेच्या ठेक्यावर नसतं, त्यांच्या स्वतःच्या सर्किटच्या ठेक्यावर असतं. डेकोरेटरला विनंती करा की दिवे पूर्ण क्षमतेवर ठेव, हवे तर संख्येने कमी कर. दुसरं, स्टेजमागची एलईडी भिंत. तिचे पट्टे फक्त पडद्यावर दिसतात, माणसांवर नाही. शटर आणखी हळू करा. तिसरं, मांडवात जनरेटरवर दिवे असतील आणि भार वाढून त्याची गती घसरली, तर ५० चे ४८ होतात आणि १/१०० वरही पुसट पट्टे येतात. अशा वेळी १/५० बरं, कारण दोन आवर्तनांत थोडा फरक जिरून जातो.

सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटरचा मिररलेस सोनीने २०२३ मध्ये जाहीर केला. त्यात पट्टे पडत नाहीत. पण बार्शीच्या हॉलसाठी त्याची गरज नाही.

२०१८ च्या एका बारशाला मी स्वतः सबंध कार्यक्रम सायलेंट शटरवर काढला होता, बाळ दचकू नये म्हणून. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर पाळण्यावर, आत्याच्या चेहऱ्यावर, सगळीकडे पट्टे. असे पट्टे कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाहीत, कारण त्या ओळींत उजेड आलेलाच नसतो. त्या कुटुंबाला मी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. म्हणून म्हणते, हॉलमध्ये पोचल्यावर पाहुणे यायच्या आधी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायचा आणि झूम करून पाहायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

प्रश्न : १/१०० चा सल्ला मी इथे मंडळाच्या गणेशोत्सवात पाळला. तरी पट्टे आलेच.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्याकडची वीज ६० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १२० वेळा धडधडतो. तिथे १/६० किंवा १/१२० ठेवा. कॅमेऱ्यात १/१२० नसेल तर १/६०. मेनूत ५० किंवा ६० हर्ट्झ निवडायची सोय असेल तर तेही बदला, व्हिडिओला त्याचा उपयोग होतो. भारतात आलात की पुन्हा ५०. जपानला जाणाऱ्यांना तर एकाच देशात दोन्ही भेटतात, पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०.

प्रश्न : मी भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला जाते. नॉइज (दाणे) येऊ नये म्हणून आयएसओ कधीच ४०० च्या वर नेत नाही. लेन्स ६०० मिलिमीटरची, तिचं छिद्र एफ ६.३, शटर १/२०००. फोटो काळोखे येतात, ते घरी कॉम्प्युटरवर उजळते. तरी सावल्यांत जांभळे-हिरवे दाणे उठतात. एवढी काळजी घेऊनही असं का?
— एक शिक्षिका, इंदापूर

उत्तर : ताई, तुमची काळजी मनापासूनची आहे, पण ती चुकीच्या बटणाची घेतली जातेय. आयएसओ कमी ठेवल्याने दाणे कमी होत नाहीत. सेन्सरपर्यंत जास्त उजेड पोचला तर ते कमी होतात.

वळवाचे पहिले थेंब शहाबादी फरशीवर पडताना पाहा. एका फरशीवर चार थेंब, शेजारच्या फरशीवर नऊ, तिसरी कोरडीच. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी फरशी ठिपक्याठिपक्यांची दिसते. पाच मिनिटांनी सगळी एकसारखी ओली होते. उजेडही थेंबाथेंबानेच येतो, त्या थेंबाला फोटॉन म्हणतात. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर प्रत्यक्षात कधी ९० येतात, कधी ११०. फरक वर्गमुळाएवढा, म्हणजे १०, शेकडा १०. सरासरी १०,००० आले तर फरक १०० चा, शेकडा १. हा फरक म्हणजेच दाणे. कॅमेरा कितीही भारी घ्या, हा हिशेब त्याला चुकवता येत नाही.

१/२००० सेकंदात पहाटेच्या उजेडात तुमच्या सेन्सरवर फारच थोडे थेंब पडले. आयएसओ फक्त त्या थोड्या थेंबांतून आलेला संकेत मोठा करतो. तुम्ही तो कॅमेऱ्यात मोठा केला नाहीत, घरी जाऊन केलात. त्यात तोटा असा की सेन्सरच्या वाचनयंत्रणेचा स्वतःचा थोडा खरखराट असतो, आणि घरी उजळताना तोही तितकाच मोठा होतो. कॅमेऱ्यात आयएसओ वाढवलात तर संकेत त्यातल्या बऱ्याचशा खरखराटाच्या आधीच मोठा होतो. म्हणून आयएसओ १६०० वर नीट उजळ काढलेला फोटो हा ४०० वर काढून चौपट उजळलेल्या फोटोइतका किंवा त्याहून स्वच्छ येतो. एकदा दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवा. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते बरं.

आता खरा उजेड कसा वाढवायचा ते. उथळ पाण्यात मान घालून चरणारा रोहित फारसा हलत नाही. त्याला १/२००० कशाला? १/५०० वर या, चौपट उजेड मिळाला. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा, नाव स्थिरावू द्या, लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवा आणि लागोपाठ आठ-दहा फोटो घ्या. त्यातले दोन-तीन धारदार येतात. थवा उडाला तर मात्र १/१६०० किंवा वर, आणि आयएसओ बेधडक ३२००. हललेला पक्षी कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही, दाणे बऱ्यापैकी सुधारतात.

हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, उजवीकडे झुकलेला ठेवा, पण उजव्या कडेला टेकू देऊ नका. रोहितची पिसं पांढरी-गुलाबी असतात, जास्त उजेडाने ती सपाट पांढरी झाली की गुलाबी परत आणता येत नाही. आणि पडद्यावर शंभर टक्के मोठं करून दाणे मोजत बसू नका. तोच फोटो १२ बाय १८ इंचांवर छापा आणि हातभर अंतरावरून पाहा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

एक विनंती, प्रश्नाशी थेट संबंध नसली तरी. उडणारा थवा मिळावा म्हणून नाव पक्ष्यांच्या अंगावर घालायला नावाड्याला कुणी सांगत असेल तर त्याला तुम्ही अडवा. तुमचं वर्गात ऐकतात, नावेतही ऐकतील.

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर सूर्यास्तानंतरचं आभाळ काढलं. कॅमेऱ्यावर झकास दिसत होतं. जेपेगमध्ये काँट्रास्ट आणि रंग वाढवले तर आभाळात पायऱ्या पायऱ्या दिसू लागल्या. नॉइज तर अजिबात नाही.
— एक बँक कर्मचारी, चिपळूण

उत्तर : दाणे नाहीत म्हणूनच पायऱ्या इतक्या उठून दिसतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ छटा असतात. केशरीपासून निळ्यापर्यंत हळूहळू विरत जाणाऱ्या तुमच्या आभाळाने त्यातल्या समजा २५ वापरल्या आणि आभाळ २,००० पिक्सेल उंच आहे. म्हणजे एक छटा ८० पिक्सेल टिकते, मग दुसरी सुरू होते. काँट्रास्ट वाढवलात तेव्हा छटा तेवढ्याच राहिल्या, त्यांच्यामधलं अंतर वाढलं आणि डोळ्याला कडा दिसल्या.

रॉमध्ये काढा, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलमध्ये. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पातळ्या असतात, तिथे ताणायला भरपूर जागा आहे. एडिटिंग १६ बिटमध्ये करा, जेपेग अगदी शेवटी बनवा आणि दर्जा कमी करू नका. एवढं करूनही पायऱ्या राहिल्या तर फक्त आभाळावर अगदी बारीक दाणे घाला, हो, मुद्दाम घाला. ते कडा मोडून टाकतात आणि आभाळ पुन्हा विरघळल्यासारखं दिसतं.

पण त्याआधी तोच फोटो दुसऱ्या पडद्यावर उघडून पाहा. स्वस्त मॉनिटर स्वतःच छटा गाळतात, त्यांचा दोष फोटोला लागतो. आणि व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवल्यावर पायऱ्या दिसल्या असतील तर तो पाठवताना फाइल आवळून लहान केल्याचा परिणाम आहे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जुन्या जेपेगचं आता फार काही होणार नाही. दाण्यांचा उपाय करा, काँट्रास्ट थोडा मागे घ्या.

प्रश्न : पुरुषवाडीला काजवे काढायला गेलो होतो. ३० सेकंदांची फ्रेम. काजव्यांबरोबर लाल, निळे, हिरवे टोकदार ठिपकेही आले. हे काय?
— एक अभियंता, संगमनेर

उत्तर : हे तापलेले पिक्सेल, हॉट पिक्सेल. सेन्सरमध्ये उजेड नसतानाही थोडा विद्युत्प्रवाह झिरपत असतो. काही पिक्सेल त्यात जास्तच गळके असतात, आणि ३० सेकंदांत ते भरून जातात. उष्णतेने हे वाढतं : तापमान साधारण ६ ते ८ अंश चढलं की झिरपणं दुप्पट. काजवे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर चमकतात, म्हणजे उकाडा ऐन भरात असताना. त्यात तुमचा कॅमेरा तासभर फ्रेमामागून फ्रेमा काढून तापलेला.

ओळखायची खूण सोपी. दोन फ्रेमा एकावर एक ठेवा. काजवा हलतो, त्याचा ठिपका पिवळसर-हिरवा आणि कडेला मऊ असतो. हॉट पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी, सुईच्या टोकासारखा.

मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन असतं. ते फोटो झाल्यावर पडदा बंद ठेवून तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम काढतं आणि मूळ फोटोतून वजा करतं. पण त्यात प्रत्येक ३० सेकंदांनंतर आणखी ३० सेकंद जातात, आणि तुम्हाला फ्रेमा जोडून काजव्यांचा पट तयार करायचा असेल तर मध्ये खंड पडतो. म्हणून तिथे ते बंद ठेवा. काम संपल्यावर, कॅमेरा थंड व्हायच्या आत, लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओवर त्याच वेळाच्या दहा-बारा काळ्या फ्रेमा घ्या. व्ह्यूफाइंडर उघडा असेल तर तोही झाका. घरी त्यांची सरासरी वजा करा. ठिपके नेहमीच्याच जागी साध्या फोटोतही दिसू लागले तर मेनूतलं पिक्सेल मॅपिंग चालवा, त्यात कॅमेरा असे पिक्सेल शोधून झाकतो.

काजवे एकमेकांना चमकून बोलावतात, तो त्यांचा जोडीदार शोधण्याचा काळ असतो. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, गाडीचे हेडलाइट झाडांकडे नाहीत. कॅमेऱ्याचा लाल फोकस दिवासुद्धा बंद करा. लांबून, शांत बसून ३० सेकंद थांबता येतं म्हणूनच तर हा फोटो तुम्हाला मिळतो.

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून बाहेर पाहताना फोटो काढला. आतला अंधार उजळला तर खांबांवर आणि छताच्या लाकडी कमानींवर विणलेल्या कापडासारख्या बारीक रेघा आल्या.
— एक गिर्यारोहक, तळेगाव

उत्तर : किती उजळलंत ते लिहिलं नाहीत, पण चार स्टॉप तरी असावेत, म्हणजे सोळापट. एवढ्या खोल अंधारात सेन्सरच्या ओळी आणि रकाने वाचणाऱ्या सर्किटचे आपसातले बारीक फरक दिसू लागतात. जुन्या पिढीच्या अनेक कॅमेऱ्यांत हे जास्त होतं.

सोळा फ्रेमांची सरासरी काढली तर दाणे एक चतुर्थांश होतात, कारण इथेही वर्गमूळच लागू पडतं. पण ते फक्त आपोआप, कसेही पडणाऱ्या दाण्यांना. रेघ प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असेल तर सरासरी काढून ती हटत नाही, उलट भोवतालचे दाणे गेल्यामुळे आणखी स्पष्ट दिसते. तिच्यासाठी काजव्यांसारखीच काळी फ्रेम लागते. पण सगळ्यात उत्तम म्हणजे दोन एक्स्पोजर घेणं : एक दारातल्या उजेडासाठी, एक आतल्या अंधारासाठी, आणि नंतर ते जोडणं. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा पाठीच्या पिशवीवर टेकवा आणि सेल्फ टायमर लावा. कमानींचं ते लाकूड चैत्यगृहाइतकंच जुनं आहे, त्याच्या रेषा त्याच्याच दिसायला हव्यात.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाच्या रात्री आजी समईसमोर बसली होती. लाइट लावले तर ती उठेल म्हणून तसाच फोटो काढला. महिन्याभरात आजी गेली. तो फोटो काळोखा आहे आणि चेहऱ्यावर निळे-जांभळे डाग आहेत. एका ॲपमध्ये घातला तर डाग गेले, पण चेहरा मेणाचा झाला आणि कपाळावरचं गोंदण पुसलं गेलं. घरात फ्रेम लावायची आहे.
— एक विद्यार्थिनी, जत

उत्तर : बाळ, लाइट लावले नाहीस ते फार बरं केलंस.

आधी मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर कर.

डाग निळेच का, ते समजून घे म्हणजे उपाय हाती येईल. सेन्सरवर रंगांची जाळी असते, निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं, आणि आजचे बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. समईच्या ज्योतीत लाल-पिवळा भरपूर, निळा जवळजवळ नाही. कॅमेऱ्याने रंग ‘बरोबर’ करण्यासाठी तो उपाशी निळा कितीतरी पटींनी वाढवला आणि त्याबरोबर त्यातले दाणेही. म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, पुन्हा पिवळ्याकडे ने. ती रात्र पिवळीच होती. एवढ्याने निम्मे डाग खाली बसतील.

मग नॉइज रिडक्शनमध्ये रंगाचा आणि उजेडाचा असे दोन वेगळे स्लायडर असतात. रंगाचा खुशाल ५० पर्यंत ने, त्याने चेहऱ्याच्या रेषा फारशा बिघडत नाहीत. उजेडाचा १५-२० च्या पुढे नको, सुरकुत्या आणि गोंदण तिथेच राहतात. मागची भिंत आणि अंधार वेगळा निवडून तिथे हवं तेवढं गुळगुळीत कर. त्या ॲपला गोंदण म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला तो एक डाग वाटला. जे आपोआप चेहरा ‘सुधारतं’ ते या फोटोला लावू नकोस.

तरी समाधान झालं नाही तर कृष्णधवल कर, पण एका बटणाने नको. कुठला रंग किती घ्यायचा ते ठरवणाऱ्या चॅनल मिक्सरमध्ये निळा शून्यावर आण, लाल जास्त ठेव, हिरवा थोडा. दाणे निळ्यात होते, ते गेले. गोंदण हिरवट-निळं असतं, त्यामुळे लाल चॅनलमध्ये ते गडद होऊन उठून दिसतं. कपाळावर कुंकू असेल तर तेच कुंकू लालमध्ये फिकं पडतं, म्हणून हिरवा थोडा थोडा वाढवत जा, दोन्ही दिसतील तिथे थांब.

छापायला ८ बाय १० इंच पुरे, त्याहून मोठा नको. कागद मॅट घे, ग्लॉसीवर उरलेले दाणे चमकतात. लॅबवाल्याला सांग, ऑटो करेक्शन बंद ठेवून छाप. आणि फ्रेममध्ये घालण्याआधी मागे मऊ पेन्सिलने तारीख लिही. ते गोंदण कुठल्या जत्रेत, कितव्या वर्षी गोंदलं होतं ते घरात कुणाला आठवत असेल, तर तेही.